ब्रँड की जेनेरिक: डॉक्टरची निवड नेमकी कुठे ठरते?

रक्तदाबाची नेहमीची गोळी लिहायला डॉक्टरला चार-पाच सेकंद लागतात. तेवढ्यात ब्रँड आणि जेनेरिक यांची तुलना होत नाही. हाताला सवयीचं झालेलं नाव कागदावर उतरतं, किंवा संगणकाने आधी पुढे केलेलं नाव निवडलं जातं. त्यामुळे ‘डॉक्टर जेनेरिक का लिहीत नाहीत?’ याचं उत्तर त्या चार-पाच सेकंदांत शोधून मिळत नाही. ते शिकाऊ काळातल्या वॉर्डात असतं, सॉफ्टवेअरच्या एखाद्या चौकटीत असतं, कंपनीच्या प्रतिनिधीच्या बॅगेत असतं, विम्याच्या नियमांत असतं आणि कधी कधी खरोखरच औषधशास्त्रात असतं. हे शेवटचं कारण सगळ्यांत वजनदार आहे, पण ते मोजक्याच औषधांना लागू पडतं. बाकी ठिकाणी त्याच्या आडून सवयच काम करत असते.

आधी गोंधळ दूर करू

नवं औषध शोधणाऱ्या कंपनीला पेटंट मिळतं ते अर्ज केल्यापासून साधारण २० वर्षांचं. त्यातली बरीच वर्षं चाचण्या आणि परवानग्यांतच संपतात. उरलेल्या काळात ती एकटीच ते औषध विकते, आणि हा झाला मूळ ब्रँड. पेटंट संपलं की इतर कंपन्या तोच घटक, तेवढ्याच मात्रेत, त्याच स्वरूपात बनवतात. तिथून जेनेरिक सुरू होतं. यातल्या काही कंपन्या औषध घटकाच्याच नावाने विकतात, तर काही त्याला स्वतःचं आकर्षक नाव देतात. अशा नाव दिलेल्या औषधाला ‘ब्रँडेड जेनेरिक’ म्हणतात.

वाद घालताना हा तिसरा प्रकार हमखास विसरला जातो. पुष्कळदा रुग्ण ज्याला ‘ब्रँडेड’ समजतो ते औषध मूळ संशोधक कंपनीचं नसतंच. तेही जेनेरिकच असतं, फक्त नाव लावलेलं. एकाच कारखान्यात निरनिराळ्या कंपन्यांसाठी गोळ्या बनवून त्यांवर वेगवेगळी लेबलं लागणं हीसुद्धा या धंद्यातली रोजची गोष्ट आहे. तेव्हा ‘मी ब्रँडवर विश्वास ठेवतो’ असं कुणी डॉक्टर म्हणाला, तर विश्वास मूळ कंपनीवर आहे, एखाद्या ओळखीच्या जेनेरिक कंपनीवर आहे, की नुसत्या नावावर, हे आधी विचारायला हवं.

आणखी एक गोष्ट. बऱ्याचदा खरी निवड ब्रँड की जेनेरिक ही नसतेच. ती असते नवा रेणू की जुना. आम्लपित्तावरच्या ओमेप्रॅझोलचं अमेरिकेतलं पेटंट २००१ मध्ये संपत आलं, आणि त्याच वर्षी त्याच कंपनीचं इसोमेप्रॅझोल तिथल्या बाजारात आलं. ओमेप्रॅझोलमध्ये एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमांसारखे दोन रेणू असतात, त्यातला एक वेगळा काढून हे नवं औषध केलेलं. जुन्याचं जेनेरिक येऊ घातलेलं, नव्याचं येणं शक्यच नव्हतं. ज्या डॉक्टरने नवा रेणू लिहिला त्याने त्या क्षणीच ब्रँडही लिहून टाकला, मग औषधाच्या दुकानात कुणी जेनेरिक मागो न मागो. औषधखर्चाची चर्चा करताना लोक चिठ्ठीवर नाव कसं लिहिलं हे बघतात. कोणतं औषध लिहिलं हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

८० ते १२५ टक्क्यांचं गणित

जेनेरिकबद्दल डॉक्टरांच्या मनात शंका असते, आणि ती अनेकदा एका आकड्यावर उभी असते: ‘जेनेरिकमध्ये २० टक्के कमी किंवा २५ टक्के जास्त औषध चालतं.’ हे वाक्य चुकीचं आहे. कसं ते नीट बघू.

अमेरिकेत १९८४ च्या हॅच-वॅक्समन कायद्याने जेनेरिक कंपन्यांना हजारो रुग्णांवरच्या मोठ्या चाचण्या पुन्हा करण्यापासून सूट दिली. त्याऐवजी त्यांनी जैवसमतुल्यता दाखवायची, म्हणजे आपली गोळी मूळ गोळीइतकंच औषध तितक्याच वेगाने रक्तात पोचवते हे सिद्ध करायचं. आज बहुतेक देश हीच पद्धत वापरतात.

चाचणी साधारण अशी होते. दोन-तीन डझन निरोगी स्वयंसेवक घेतात. ते रात्रभर उपाशी राहतात. सकाळी निम्म्यांना मूळ गोळी, निम्म्यांना जेनेरिक. मग ठरलेल्या वेळांना, सुरुवातीला काही मिनिटांच्या अंतराने आणि पुढे तासातासाने, रक्ताचे नमुने घेतात. औषध शरीरातून पुरतं निघून जाईपर्यंत थांबतात. हा काळ औषधाच्या अर्धायुष्याच्या, म्हणजे रक्तातली पातळी निम्मी व्हायला लागणाऱ्या वेळेच्या, किमान पाचपट असतो. त्यानंतर अदलाबदल: ज्यांनी मूळ गोळी घेतली होती त्यांना जेनेरिक आणि उलट. प्रत्येकाची तुलना स्वतःशीच होते, म्हणून एवढ्या थोड्या लोकांवरही भागतं.

नमुन्यांवरून वेळ आणि रक्तातली पातळी यांचा आलेख निघतो. त्यातून दोन आकडे काढतात. एक, आलेखाखालचं क्षेत्रफळ, म्हणजे एकूण किती औषध रक्तात पोचलं. दुसरा, शिखर, म्हणजे पातळी कमाल किती चढली. जेनेरिकचा आकडा भागिले मूळ औषधाचा आकडा, हे झालं गुणोत्तर. आता कळीचा मुद्दा. हे सरासरी गुणोत्तर ८० ते १२५ टक्क्यांमध्ये बसलं एवढ्याने भागत नाही. त्याच्या आजूबाजूची ९० टक्के विश्वासार्हतेची संपूर्ण पट्टी, म्हणजे खरं गुणोत्तर जिच्यात असण्याचा भरवसा संख्याशास्त्र देतं ती, त्या मर्यादेत बसावी लागते. समजा सरासरी ९३ आणि पट्टी ८८ ते ९८, तर औषध पास. सरासरी ८८ आणि पट्टी ७९ ते ९८, तर नापास, कारण पट्टीचं एक टोक ८० च्या खाली गेलं. सरासरीतच मोठा फरक असला, तर पट्टी मर्यादेत ठेवणं फार अवघड जातं. (१२० ऐवजी १२५ का, तर हिशेब गुणोत्तराचा आहे: १०० ला ८० ने भागलं की १.२५ येतं.)

प्रत्यक्षात काय दिसतं? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, १२ वर्षांतल्या २,०७० चाचण्यांचा आढावा २००९ मध्ये प्रसिद्ध केला. एकूण शोषणातला सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास होता, शिखरातला सव्वाचार टक्क्यांच्या आसपास. शिवाय गोळीत मुळात औषध किती असावं याची मर्यादा औषधकोश, म्हणजे औषधांच्या दर्जाचे निकष देणारा अधिकृत ग्रंथ, वेगळी ठरवतो आणि ती याहून बरीच अरुंद असते. तेव्हा ‘२० टक्के कमी औषध’ ही गोष्ट या परीक्षेतून निघतच नाही.

पण या परीक्षेच्या मर्यादाही तेवढ्याच स्पष्ट सांगायला हव्यात. ती निरोगी लोकांवर, बहुधा एकाच डोसवर होते. त्यात गोळीतले भरीचे पदार्थ आणि रंग सारखेच असावेत अशी अट नसते. प्रत्येक जेनेरिकची तुलना मूळ औषधाशी होते, दोन जेनेरिकांची आपसात होत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे परवानगी मिळाल्यावर पाच वर्षांनी त्या कारखान्यातून बाहेर पडणारा माल तसाच आहे का, हे ती सांगत नाही. ते काम कारखान्याच्या तपासणीचं. १९८९ मध्ये अमेरिकेत उघड झालं, की काही जेनेरिक कंपन्यांनी अधिकाऱ्यांना लाच दिली होती आणि एका कंपनीने तर चाचणीसाठी स्वतःच्या गोळीऐवजी चक्क मूळ ब्रँडचीच गोळी वापरली होती. २०१३ मध्ये रॅनबॅक्सी या भारतीय औषध कंपनीच्या अमेरिकी शाखेने निकृष्ट औषधं आणि खोट्या नोंदींबद्दल गुन्हा कबूल केला आणि ५० कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. असं काही वाचलेला डॉक्टर पुढे अनेक वर्षं ताकही फुंकून पितो. त्याची भीती निराधार म्हणता येत नाही. ती फक्त चुकीच्या पत्त्यावर पाठवलेली असते. प्रश्न नियंत्रकाच्या देखरेखीचा आहे, आणि देखरेख ढिली असेल तिथे पाकिटावरचं ब्रँडचं नावही वाचवू शकत नाही.

जिथे डॉक्टरचा आग्रह रास्त आहे

काही औषधांत गुण येणारी पातळी आणि विषबाधा करणारी पातळी यांत अंतर फार थोडं असतं. फिटांवरचं फेनिटॉइन घ्या. रक्तात त्याची पातळी साधारण १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर हवी. त्यात आणखी एक अडचण अशी, की यकृताची हे औषध मोडायची क्षमता मर्यादित असते आणि उपचाराच्या पातळीतच ती भरून जाते. एकदा ती भरली की डोस किंवा शोषण थोडंसं वाढलं तरी पातळी भराभर चढते. रुग्ण झोकांड्या खायला लागतो, नजर दुहेरी होते.

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये १९६८-६९ च्या सुमारास नेमकं हेच घडलं. फेनिटॉइनच्या कॅप्सूलमधला भरीचा पदार्थ कॅल्शियम सल्फेटवरून लॅक्टोजवर नेला गेला. औषधाची मात्रा तीच होती, पण आधी जे औषध नीट शोषलं जात नव्हतं ते आता शोषलं जाऊ लागलं, आणि आधी व्यवस्थित असलेल्या रुग्णांना विषबाधेची लक्षणं दिसू लागली. फ्रान्समध्ये २०१७ साली थायरॉइडवरच्या लेव्होथायरॉक्सिनच्या प्रमुख ब्रँडचं सूत्र बदललं: लॅक्टोज काढून मॅनिटॉल आणि सायट्रिक आम्ल आलं. जैवसमतुल्यता दाखवलेली होती, तरीही हजारो रुग्णांनी तक्रारी केल्या. हा बदल जेनेरिकने केलेला नव्हता, ब्रँडने स्वतःच केला होता. अशा औषधांत धोका ‘जेनेरिक’ असण्यात नसतो, तो बदलात असतो. मूळ ब्रँडवरून जेनेरिकवर जाणं, जेनेरिकवरून ब्रँडवर येणं आणि एका जेनेरिकवरून दुसऱ्यावर जाणं, तिन्हींत तो सारखाच.

म्हणून ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २०१३ मध्ये फिटांच्या औषधांचे तीन गट केले. डॉक्टरांच्या फार उपयोगाची यादी आहे ती. पहिल्या गटात फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटल आणि प्रिमिडोन. यांत रुग्णाला ज्या कंपनीचं औषध चालू आहे तेच पुढे ठेवायचं. दुसऱ्या गटात व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन यांसारखी औषधं. इथे रुग्ण बघून ठरवायचं: फिटा किती काळ आटोक्यात आहेत, बदलाने तो घाबरेल का, वगैरे. तिसऱ्या गटात लेव्हेटिरासिटाम, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन. यांत कंपनी सांभाळायची सहसा गरज नाही. अवयव प्रत्यारोपणानंतरचं टॅक्रोलिमस तर ब्रिटनमध्ये २०१२ पासून ब्रँडच्या नावानेच लिहायची सूचना आहे.

युरोपात अशा अरुंद पल्ल्याच्या औषधांसाठी जैवसमतुल्यतेची मर्यादाही कडक करून ९० ते १११ वर आणलेली आहे. सगळीच भीती खरी ठरते असंही नाही. लॅमोट्रिजिनची एकमेकांपासून जास्तीत जास्त वेगळी वाटणारी दोन जेनेरिकं मुद्दाम निवडून, फिटांच्या रुग्णांनाच आलटून-पालटून देऊन पाहिली गेली. २०१६ मध्ये निकाल आला: रक्तातली पातळी समतुल्य.

दुसरा रास्त आग्रह आहे हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांचा. इथे रेणूइतकीच गोळीची रचना महत्त्वाची. नैराश्यावरच्या ब्युप्रोपिऑनची दिवसातून एकदा घ्यायची ३०० मिलिग्रॅमची एक जेनेरिक गोळी अमेरिकेत २००६ मध्ये मंजूर झाली. तिची चाचणी झाली होती १५० मिलिग्रॅमच्या गोळीवर. ३०० ची गोळीही तशीच वागेल, असं गृहीत धरलं गेलं. रुग्णांच्या तक्रारी येऊ लागल्या. शेवटी एफडीएने स्वतः ३०० वर चाचणी केली, तेव्हा शिखर मूळ औषधाच्या सुमारे ७५ टक्केच भरलं. २०१२ मध्ये ती गोळी बाजारातून काढावी लागली. चूक कुठे झाली ते बघा: रेणू बरोबर, मात्रा बरोबर, पण ज्या गोळीची परीक्षा घ्यायची तिची घेतलीच नाही.

श्वासाची औषधंही याच वर्गातली. सॅल्मेटेरॉल आणि फ्लुटिकासोन यांचा मूळ ब्रँडचा कोरड्या भुकटीचा इनहेलर अमेरिकेत २००० मध्ये मंजूर झाला, त्याचं पहिलं थेट बदलता येणारं जेनेरिक यायला २०१९ उजाडलं. भुकटीच्या कणांचा आकार, उपकरणातून ती सुटण्याची पद्धत, सगळंच जुळावं लागतं. आणि इनहेलर बदलला की रुग्णाला ओढायची पद्धत पुन्हा शिकवावी लागते. ती न शिकवता नुसतं उपकरण बदललं की औषध घशातच अडकतं, आणि मग दोष जेनेरिकला.

या दोन-तीन वर्गांपलीकडे, म्हणजे रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मधुमेहाच्या साध्या गोळ्या, वेदनाशामकं, बहुतेक प्रतिजैविकं यांत, देखरेख धड असेल तर ब्रँडच हवा असं म्हणायला औषधशास्त्रीय आधार फारसा उरत नाही. तरी आग्रह दिसतो. तो कुठून येतो?

नाव जिभेवर बसतं तेव्हा

पहिला स्रोत साधा आहे, नाव. जागतिक आरोग्य संघटना १९५० च्या दशकापासून औषधांना आंतरराष्ट्रीय सामान्य नावं देते. त्यांत शिस्त असते: शेवटी ‘प्रिल’ आलं की रक्तदाबावरचा एक गट, ‘सार्टान’ आलं की दुसरा, ‘स्टॅटिन’ म्हणजे कोलेस्टेरॉलचा. पण शिस्त आहे म्हणून नाव सोपं होत नाही. हायड्रोक्लोरोथायझाइड दिवसातून चाळीस वेळा लिहून बघा. ब्रँडचं नाव मुद्दाम दोन-तीन अक्षरांचं, उच्चारायला सुटसुटीत केलेलं असतं. तीन घटकांच्या एकत्रित गोळीत तर फरक आणखी वाढतो: एकीकडे तीन लांबलचक नावं आणि तीन मात्रा, दुसरीकडे एक शब्द. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात कोण जिंकणार, हे सांगायला नको.

हे नाव बसतं शिकाऊ काळात. पुस्तकात सामान्य नाव असतं, पण वॉर्डातल्या फेरीत वरिष्ठ जे नाव घेतात तेच कनिष्ठाच्या हातात उतरतं. पुढे तो स्वतंत्र झाला तरी ते बदलायला काही कारण घडत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी डॉक्टरांच्या एका पाहणीत जवळपास निम्म्यांनी जेनेरिकच्या दर्जाबद्दल नकारात्मक मत दिलं होतं, आणि ५५ च्या पुढच्या डॉक्टरांत असा कल जास्त दिसला.

आता संगणक. माझ्या मते या सगळ्या विषयात सर्वांत कमी बोललं जाणारं कारण हेच. अमेरिकेतल्या एका मोठ्या विद्यापीठ-रुग्णालयाने आपल्या प्रणालीत एवढंच केलं: डॉक्टरने काहीही लिहिलं तरी चिठ्ठी आपोआप जेनेरिकची निघेल, ब्रँडच हवा असेल तर ‘जसं लिहिलं तसंच द्या’ अशी एक खूण करायची. ना भाषण, ना प्रशिक्षण, ना दंड. जेनेरिकचं प्रमाण सुमारे ७५ टक्क्यांवरून ९८ टक्क्यांवर गेलं. म्हणजे आधी ब्रँडवर जाणाऱ्या चिठ्ठ्यांपैकी बहुतेकींच्या मागे ठाम मत नव्हतंच. एक क्लिक करण्याइतकंही ते महत्त्वाचं वाटलं नाही. ज्यांना खरंच कारण होतं त्यांनी खूण केली.

बॅगेतून काय येतं

कंपनीचा प्रतिनिधी डॉक्टरला विकत घेतो, असं चित्र रंगवलं जातं. प्रत्यक्षातलं चित्र त्याहून सौम्य आहे आणि म्हणूनच जास्त परिणामकारक. प्रतिनिधी नियमाने येतो, नाव पुन्हा पुन्हा कानावर घालतो, एखाद्या अभ्यासाचा कागद देतो आणि फुकट नमुने ठेवून जातो. नमुना नेहमी ब्रँडचाच असतो, कारण घटकाच्या नावाने विकणाऱ्या कंपनीला नमुने वाटणं परवडत नाही. डॉक्टर सद्भावनेने तो गरजू रुग्णाला देतो. आठवड्याने नमुना संपतो, औषध लागू पडलेलं असतं, आणि आता तेच पुढे चालवायचं. फुकट सुरू झालेला तो ब्रँड पुढे वर्षानुवर्षं रुग्ण विकत घेतो.

अमेरिकेत २०१० च्या कायद्याने कंपन्यांना डॉक्टरांवर केलेला खर्च जाहीर करणं सक्तीचं झालं, आणि त्या नोंदी लिहिलेल्या औषधांशी ताडून पाहता आल्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २ लाख ७९ हजारांहून अधिक डॉक्टर होते. कंपनीने दिलेलं एकच जेवण, तेही बहुधा २० डॉलरच्या आतलं, घेतलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांत त्या कंपनीचा ब्रँड जास्त दिसला. जेवणं वाढली तसं प्रमाणही वाढलं. यावरून जेवणामुळेच लिहिलं असं सिद्ध होत नाही. ज्याला औषध आधीच पटलंय तोही त्याच्या कार्यक्रमाला जाईल. पण ‘माझ्यावर काही परिणाम होत नाही’ हा दावाही त्यानंतर ठामपणे करणं अवघड झालं.

पैसा कुणाच्या खिशातून

डॉक्टरला औषधाची किंमत बहुतेक वेळा नेमकी माहीत नसते, कारण बिल त्याच्यासमोर फाडलं जात नाही. त्यामुळे किंमत निवडीत शिरते ती नियमांच्या वाटेने. जर्मनीने १९८९ मध्ये सारख्या औषधांच्या गटासाठी विम्याने किती भरायचं याची कमाल रक्कम ठरवली, वरचा फरक रुग्णाने द्यायचा. तो फरक भरताना रुग्ण डॉक्टरलाच प्रश्न विचारतो. स्वीडनने २००२ पासून दुकानातच स्वस्त समतुल्य औषध देण्याची पद्धत आणली. जपानने २०१२ पासून सामान्य नावाने चिठ्ठी लिहिल्याबद्दल दवाखान्याला थोडं जास्त शुल्क द्यायला सुरुवात केली. आणि डॉक्टर स्वतःच औषधं विकत असेल तिथे जास्त नफ्याचा माल पुढे येण्याचा धोका उघड आहे. दक्षिण कोरियाने २००० साली औषध लिहिणं आणि विकणं वेगळं केलं ते उगाच नाही.

कायदा फक्त चिठ्ठीवरचं नाव बदलायला लावतो तेव्हा एक खोच राहते. डॉक्टरने सामान्य नाव लिहिलं, की कोणत्या कंपनीचं द्यायचं हे औषधविक्रेता ठरवतो. निवड नाहीशी होत नाही, ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूला सरकते, आणि तिथेही नफ्याचं गणित असतंच. डॉक्टरांचा या बाबतीतला आक्षेप खोटा नाही: गुण आला नाही तर रुग्ण जाब विचारायला त्यांच्याकडेच येणार.

दोष कुणाच्या माथी

ब्रँड लिहिला आणि रक्तदाब उतरला नाही, तर डॉक्टर म्हणतो, डोस वाढवू. जेनेरिक दिलं आणि उतरला नाही, तर रुग्ण म्हणतो, औषध हलकं होतं. अपयश तेच, पण त्याचा जाब वेगवेगळा. हा असमतोल डॉक्टरच्या मनात नकळत घर करतो. जेनेरिकवर व्यवस्थित असलेले शेकडो रुग्ण तक्रार करायला येत नाहीत, म्हणून लक्षात राहत नाहीत. बिघडलेला एक लक्षात राहतो.

रुग्णाची अपेक्षाही काम करते. औषध बदललंय आणि नवं ‘स्वस्तातलं’ आहे, हे कळल्यावर डोकेदुखी, थकवा अशा तक्रारी वाढतात, गोळी तीच असली तरी. दिसण्याचाही परिणाम होतो. हृदयविकाराच्या झटक्यानंतर जेनेरिक गोळ्या घेणाऱ्या रुग्णांच्या २०१४ मधल्या एका अभ्यासात गोळीचा रंग बदलल्यावर औषध सोडण्याची शक्यता सुमारे ३४ टक्क्यांनी, आकार बदलल्यावर सुमारे ६६ टक्क्यांनी जास्त आढळली. इथे औषधशास्त्राचा संबंध नाही, पण परिणाम अगदी खरा. ‘या रुग्णाला घोळ नको’ म्हणून एकच ब्रँड चालू ठेवणाऱ्या डॉक्टरला नुसतं हट्टी म्हणता येत नाही. फक्त तेच काम एकाच कंपनीचं जेनेरिक कायम ठेवूनही होतं.

चिठ्ठी हातात आल्यावर

डॉक्टरला ‘जेनेरिक द्या’ म्हणण्यापेक्षा दोन नेमके प्रश्न विचारा. ‘या औषधात कंपनी बदलली तर चालेल का?’ आणि ‘याच कामाचं, पेटंट संपलेलं जुनं औषध मला चालेल का?’ पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर कारण औषधाच्या स्वभावात आहे की अनुभवात, हे दोन वाक्यांत कळतं.

सामान्य नाव लिहून घेताना ते पूर्ण असू द्या. नुसतं ‘मेटोप्रोलॉल ५०’ अर्धवट आहे. मेटोप्रोलॉल टार्ट्रेटची साधी गोळी सहसा दिवसातून दोनदा घेतात, सक्सिनेटची हळूहळू सुटणारी एकदा. एकीच्या जागी दुसरी दिली की दिवसाचा अर्धा भाग कोरडा जातो किंवा नाडी नको तेवढी मंदावते. घटक, त्याचा क्षार (इथे टार्ट्रेट की सक्सिनेट), मात्रा, हळूहळू सुटणारी असल्यास तसं, आणि दिवसातून किती वेळा, हे सगळं लागतं.

नवं पाकीट आलं की घरातलं जुनं बाजूला काढा. औषध बदलताना होणारा सर्वांत धोकादायक घोळ दर्जाचा नसतो. एकाच घटकाच्या दोन नावांच्या गोळ्या रुग्ण एकाच वेळी घेत राहतो. पाकिटावर बारीक अक्षरात छापलेलं घटकाचं नाव जुळवून बघितलं की हा घोळ जागीच सापडतो.

अरुंद पल्ल्याचं औषध बदललंच, तर तपासणी ठरवून घ्या: लेव्होथायरॉक्सिनसाठी सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्तचाचणी (त्याआधी आकडा स्थिरावत नाही), रक्त गोठू न देणाऱ्या वॉरफॅरिनसाठी लवकरच आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची चाचणी, टॅक्रोलिमससाठी रक्तातली पातळी, फेनिटॉइनसाठीही तसंच.

आणि गुण येत नाही असं वाटलं, तर जेनेरिकवर खापर फोडण्याआधी क्रम पाळा. गोळ्या चुकल्या का? वेळ किंवा जेवणाशी असलेलं अंतर बदललं का? दुसरं काही औषध नव्याने सुरू झालं का? आजारच वाढला का? हे सगळं तपासूनही शंका उरली, तर डॉक्टर किंवा औषधविक्रेत्यामार्फत औषध सुरक्षेच्या यंत्रणेकडे तक्रार करा. त्यात कंपनीचं नाव आणि पाकिटावरचा बॅच क्रमांक हवाच, म्हणून औषध संपेपर्यंत पाकीट फेकू नका आणि गोळ्या सुट्ट्या कापून डबीत भरू नका. ‘जेनेरिकने गुण आला नाही’ एवढ्यावर कुणालाच काही तपासता येत नाही. बॅच क्रमांक असला, तर त्याच बॅचचा राखून ठेवलेला नमुना प्रयोगशाळेत तपासता येतो.